वर सात, खाली दोन

पेट्रोल पंपावर माणूस तीन मिनिटं थांबतो. काच खाली करतो, "पाचशेचं टाक" म्हणतो आणि जातो. त्याचा किस्सा होत नाही. आमच्याकडे माणूस पाऊण तास थांबतो. पहिली दहा मिनिटं मोबाईल बघतो, पुढची दहा हायवे बघतो. मग कंटाळतो आणि बोलायला लागतो. एकदा बोलायला लागला की सासूपासून मुतखड्यापर्यंत सगळं सांगून मोकळा होतो! त्यामुळे इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटवर किस्से साठतात. कोणी साठवत नाही. पावसाळ्यात कौलांवर शेवाळ धरतं तसे धरतात.

आमचा पॉइंट जुन्या मुंबई-पुणे हायवेवर, लोधिवलीजवळ. जागा आमची, मशीन कंपनीचं. मशीन आणलं माझ्या दादाने. विलास त्याचं नाव, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, आयटीआय झालेला वायरमन. मी नितीन, त्याच्या हाताखाली.

या श्रावणात भातातलं तण काढताना दादाच्या पायाला काहीतरी लागलं. ताप आला. डॉक्टर लेप्टो म्हणाले, चिखलपाण्यातून होतो तो ताप. सहाव्या दिवशी दादा गेला. चौतीस वर्षांचा होता. याच्या पुढे मला त्या सहा दिवसांबद्दल लिहिता येत नाही, म्हणून किस्से लिहितो.

करार दादाच्या नावावर होता. तेरावं झाल्यावर कंपनीचं पत्र आलं. पॉइंट माझ्या नावावर करायचा तर कंपनीचे साहेब येऊन माझी परीक्षा घेणार. पास झालो तर पॉइंट आमचा. नापास झालो तर मशीन उचलून पुढच्या हॉटेलवाल्याच्या अंगणात! आणि मी नववी नापास. तेही दोनदा.

वहिनीने पत्र वाचून दाखवलं, घडी केली आणि एवढंच म्हणाली, "भावजी, हे ह्यांचं मशीन हाय. दुसऱ्याच्या दारात जाऊ द्यायचं नाय."

त्या परीक्षेचं काय झालं ते सांगतोच. पण आधी बाकीचं ऐका.

०

गाडीला वीज भरायची जी जाड केबल असते, तिच्या तोंडाला आम्ही गन म्हणतो. लोकांना वाटतं, गाडी इलेक्ट्रिक म्हणजे कुठलीही गन कुठेही बसेल. तसं नसतं. आमच्या मशीनला दोन गन आहेत, दोन्ही एकाच जातीच्या. ज्या गाडीच्या झाकणाखाली वरच्या गोलात सात भोकं आणि खाली दोन मोठी भोकं असतात, तिला ही गन बसते. आजकालच्या बहुतेक मोटारींना बसते. काही जुन्या गाड्यांना एकच गोल आणि त्यात नऊ भोकं असतात, त्यांना बसत नाही. स्कूटरचं तर विचारूच नका. जेवढ्या कंपन्या, तेवढ्या तऱ्हा.

कंपनीच्या पुस्तकात या सगळ्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. दादाने ती कधी वापरली नाहीत. तो म्हणायचा, "गिऱ्हाइकाला नाव म्हाईत नसतं. त्याला भोकं मोजता येतात." फोन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

एकदा दहिवलीकडच्या एका फार्महाउसवरून एका बाईंचा फोन आला. गाडी मिस्टरांची होती, मिस्टर परदेशात होते आणि बाईंना मुंबईला जायचं होतं.

"तुमच्याकडे आमची गाडी चार्ज होईल का?"

"ताई, झाकण उघडा आणि भोकं मोजा."

"काय मोजू?"

"भोकं, भोकं! वर किती, खाली किती?"

दादा फोन स्पीकरवर ठेवायचा. पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला. बाई मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन..." सातपर्यंत गेल्या. "खाली दोन मोठी." मग एकदम किंचाळल्या.

"काय झालं, ताई?"

"आत पाल आहे!"

दादा शांतपणे म्हणाला, "पाल हाकला. बाकी सगळं आपलं हाय. या!"

०

दुसरा किस्सा ठाण्याच्या एका साहेबांचा. गाडी नवी कोरी, नंबरप्लेटवर हार वाळलेला. मागच्या सीटवर सासू-सासरे, पुढे बायको. साहेबांनी गन हातात घेतली आणि गाडीत खुपसायला लागले. बसेना. उलटी केली, सुलटी केली, गुडघा लावला. घाम फुटला.

बायको काच खाली करून म्हणाली, "मी सांगत होते, पेट्रोलची घ्या."

सासरे नुसते खाकरले. त्या खाकरण्याने साहेब आणखी लाल झाले आणि आमच्यावर ओरडले, "तुमचं मशीन बोगस आहे! असल्या ठिकाणी पॉइंट देतातच कशाला?"

मला दिसत होतं काय झालंय ते. काही गाड्यांना खालच्या दोन भोकांवर रबराचं वेगळं झाकण असतं. ते काढलं नाही तर गन बसत नाही. नव्या गाडीवाल्यांची हमखास चूक! आणि माझा स्वभाव असा की तोंडात आलं ते बाहेर पडतं. मी म्हणालो, "अवो साहेब, खालचं झा..."

दादाने माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"साहेब, आमच्या मशीनचं कधी कधी असं होतं," दादा म्हणाला. "मी बघतो. तुमी तवर सासऱ्यांना पाणी द्या. माठातलं हाय, गार."

साहेब माठाकडे गेले. दादाने अंगठ्याने रबर काढलं, मशीनवर उगाच दोन थापा मारल्या आणि हाक दिली, "झालं बघा. आता तुमीच लावा."

साहेबांनी गन लावली. टक्! दिवा हिरवा झाला. साहेब सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "हात बसावा लागतो, पप्पा."

ते गेल्यावर मी भांडलोच. "चूक त्याची आणि बोगस आपलं मशीन? कशाला बदनाम करून घेतलंस?"

दादा केबल गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "मशीनला सासरा नसतो रं."

०

आमच्या शेडच्या सावलीत सोमीबाई बसते. वरच्या ठाकूरवाडीतली. उन्हाळ्यात करवंदं, पावसात रानभाज्या, पुढे काकड्या. पॉइंट आल्यावर तिने हायवेची जुनी जागा सोडली. कारण तिने सांगितलं ते असं, "पेट्रोलवाला थांबत नवता. ही गाडी जेवाया बसती, मंग मानूसपन काकडी खातो."

तिला मशीनमधलं काही कळत नाही असं ती म्हणते. पण तीन वर्षं समोर बसून बाई तयार झाली आहे. एकदा दुपारी दादा जेवून आडवा झाला होता, मी आंघोळीला. कॉलेजची एक जोडी स्कूटर घेऊन आली. पोराने गन उचलली. सोमीबाईने काकडी सोलता सोलता एकदाच बघितलं.

"नाय बसायची."

"तुम्हाला काय माहीत, मावशी?"

"तिचं तोंड बघ केवढं. ह्यो घास बघ केवढा. उगा गाल फाडशील तिचं!"

मी बाहेर आलो तेव्हा स्कूटरला घरातल्या साध्या सॉकेटमधून वायर लावलेली होती. ती सोमीबाईनेच वहिनीकडून घेतली होती. आणि जोडी काकडी खात बसली होती. पोरगी मला म्हणाली, "तुमच्या मॅडम खूप हुशार आहेत."

त्या दिवसापासून दादा तिला मॅडमच म्हणायचा. "मॅडम, आज काय आणलंय?" ती म्हणायची, "तुजं डोकं." अजून कोणी मॅडम म्हटलं की ती आधी दादाच्या खुर्चीकडे बघते.

०

खंडेनवमीला आम्ही विळे, कोयते, नांगर, पंप सगळ्याची पूजा करतो. गेल्या वर्षी वहिनी म्हणाली, खरं पोट ज्याच्यावर चालतं त्याची पूजा आधी झाली पाहिजे. तिने मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. इथवर ठीक होतं. पण वहिनीचं काम मनापासून. तिने दोन्ही गन ताटात घेतल्या आणि एकेका भोकात करंगळीने हळद-कुंकू भरलं. एक भोक सोडलं नाही! वर अक्षता.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आली. गन लावली, मशीन लाल. दुसरी गन लावली, लाल. दादाने गन डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि वहिनीकडे बघितलं. वहिनीने पदर तोंडाला लावला.

"अगं, एका बोटाने टिळा लावायचा. तू तर पुरण भरलंस!"

पुण्याहून कंपनीचा माणूस आला. अर्धा दिवस ब्रशने आणि हवेच्या पंपाने साफ करत बसला. पुढची गाडी लावली तर तिच्या तोंडालाही कुंकू लागलं. मालक खूश! त्याला वाटलं आम्ही खास पूजा केली.

काम झाल्यावर कंपनीच्या माणसाने कागद काढला. त्यात बिघाडाचं कारण लिहायची जागा होती. तो पेन घेऊन बसला आणि दादाला म्हणाला, "इथे काय लिहू?"

दादा म्हणाला, "लिवा. भक्ती जास्त झाली."

यंदा दुखवट्याचं वर्ष, आम्ही काही केलं नाही. सकाळी बाहेर आलो तर दोन्ही गनांच्या मुठीला एकेक झेंडू दोऱ्याने बांधलेला. भोकांपासून चांगला वीतभर लांब. सोमीबाई पाठ करून काकड्या मांडत होती.

०

दादा गेल्यावर चौथा दिवस. मी मेन स्विच पाडून ठेवला होता. मला त्या मशीनकडे बघवत नव्हतं. पण कंपनीच्या ऍपला ते कळलं नसावं. तिथे आमचा पॉइंट चालूच दिसत होता.

दुपारी एक गाडी आत वळली. म्हातारे आजोबा चालवत होते, शेजारी आजी. मी ओट्यावरूनच ओरडलो, "बंद आहे!"

"ऍपवर चालू दाखवतंय," आजोबा म्हणाले.

"ऍपला काय कळतं? माझा भाऊ मेलाय! चालते व्हा इथून!"

मी असं बोललो. त्या वयाच्या माणसाला. घरात बसलेल्या बायका दारात आल्या. आजोबांनी इंजिन बंद केलं, म्हणजे जे काही असतं ते. हळूच दार उघडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाळा, गाडीत चार टक्के आहेत. चालता होऊन जाऊ कुठे?"

मी मान फिरवली.

"मग आम्ही बसतो," ते म्हणाले. "चार्जिंगला नाही. असेच बसतो."

आजी आत गेल्या. कोण, कुठल्या, कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. वहिनीच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. वहिनी चार दिवसांत रडली नव्हती. त्या परक्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. आजोबा माझ्याजवळ ओट्यावर बसले. "मोठा होता का धाकटा?" "मोठा." "माझाही मोठाच होता," एवढंच म्हणाले. मग आम्ही दोघं हायवे बघत राहिलो.

तासाभराने मी उठून मेन स्विच वर केला. आजोबा गन उचलायला गेले. केबल जड असते, त्यांना पेलेना. मी त्यांच्या हातातून गन घेतली आणि लावली. दादा गेल्यावरची ती पहिली गाडी.

दोन दिवसांनी वहिनीने मोबाईल माझ्यासमोर धरला. ऍपवर लोक पॉइंटबद्दल शेरे लिहितात, तिथे आजोबांनी पाच तारे देऊन लिहिलं होतं: "स्वच्छतागृह नाही. चहा नाही. माणसं आहेत."

०

आता कडावच्या गणपतचा किस्सा. याला दोन भाग आहेत.

पहिला भाग दोन वर्षांपूर्वीचा. गणपतने कुठल्या तरी सरकारी ऑफिसने काढून टाकलेली जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारत घेतली. नऊ भोकांची! आमच्या दारात आला तेव्हा तीन टक्के उरले होते. गन बसायचा प्रश्नच नव्हता. तो रडकुंडीला आला. "भाऊ, कायबी करा. पुढे ढकलत न्यावी लागंल."

मला दया आली. मला दया आली की मी काहीतरी करतोच. आतून कानस घेऊन आलो आणि म्हणालो, "थांब. ह्या गनचा कोपरा घासतो. जरा घासली की बसंल!"

एकदाच कानस फिरवली असेन. कानाखाली आवाज निघाला. जन्मात दादाने मला मारलेली ती एकच. हायवेवरचा कुत्रासुद्धा उठून बसला.

मग दादा गणपतकडे वळून म्हणाला, "साध्या सॉकेटवर चालंल तुजी गाडी. पन दिवस जाईल. चालंल?" शेतातल्या पंपाची जी मोठी पिन असते, तिथून त्याने लांब वायर ओढली. गाडी लागली. गणपत बसून काय करणार? आमच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. तो उठला, शर्ट काढला आणि पेंढ्या आपटायला लागला. असा हात की दोन माणसांचं काम एकटा करी! संध्याकाळपर्यंत गाडी निम्मी भरली आणि खळं संपलं.

वहिनी म्हणाली, "गणपतभाऊंची गाडी सावकाश भरते तेच बरं हाय गं बाई."

गेल्या वर्षी झोडणीच्या टायमाला गणपत परत हजर. काच खाली करून म्हणाला, "विलासभाऊ, गाडी मुद्दाम रिकामी करून आणलीय. खळं कुठवर आलंय?"

दादा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

दुसरा भाग या वर्षीचा. दिवाळी झाली. कापणी मी आणि वहिनीने कशीतरी उरकली. झोडणीला हात लावायचं धाडस होत नव्हतं. पेंढ्या खळ्यावर पडून होत्या. एका सकाळी गणपतची गाडी आत आली. तो उतरला, माझ्याकडे बघितलं नाही, थेट खळ्याकडे निघाला. शर्ट काढून खुंटीला अडकवला.

मी वायरचा गुंडाळा घेऊन धावलो. "गणपतभाऊ, थांब, गाडीला वायर लावतो."

"नको," तो म्हणाला. "भरून आणलीय."

०

आणि आता परीक्षा.

साहेब मागच्या आठवड्यात आले. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. चष्मा, पाठीला बॅग, हातात एक पेटी. वहिनीने बाजेवर चादर घातली होती. सोमीबाईने काकड्यांकडे लक्ष असल्याचं सोंग केलं होतं.

आधी लेखी. वीस प्रश्न, खुणा करायच्या. मराठीत होते, पण तसलं मराठी आमच्याकडे कोणी बोलत नाही. मी एकेक अक्षर लावत बसलो. वहिनी मागून बघत होती. तिला राहवेना, ती हळूच वाचायला लागली. साहेब म्हणाले, "ताई, वाचून दाखवायचं नाही." ती चार पावलं मागे सरली आणि तिथून ओठ हलवत राहिली. माझी पाठ तिच्याकडे. मला काय दिसणार!

साहेबांनी पेपर तपासला. "वीसपैकी आठ."

"पास व्हायला किती लागतात?"

"तोंडी धरून चाळीसपैकी वीस."

बारा पाहिजे होते. मला शाळेतला वास यायला लागला. पळून जावंसं वाटलं. मी शाळेतून तसाच पळालो होतो.

साहेबांनी पेटी उघडली. आत पाच गन, नुसती तोंडं, केबल नसलेली. बाजेवर ओळीने मांडली. "एकेक उचला. हे काय आहे, कुठल्या गाडीला लागतं, सांगा."

पहिली उचलली. "ही सात-दोन. आपलीच."

"हिला नाव आहे."

"आमच्यात हेच नाव हाय, साहेब."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. दुसरी उचलली. "ही नुसती सात. सावकाश भरायची, खालची दोन नसत्यात. सोसायट्यांमदी असते." तिसरी. "ही नऊची. जुनी गाडी. हिला आपली गन नाय, पन मोठ्या पिनवर दिवसभरात भरते." चौथी स्कूटरची. तीही सांगितली, कुठली बसते आणि कुठली नाही ते.

पाचवी हातात घेतली. वर पाच भोकं, मध्ये एक चपटी फट, खाली तीन. उलटी करून बघितली. बोट फिरवलं. अशी मी कधी बघितली नव्हती. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी नाव ठोकून द्यावं असं अगदी जिभेवर आलं. चीनची म्हणावं, ट्रकची म्हणावं. साहेबांनी पेन उचललेलं होतं.

"साहेब, ही मला म्हाईत नाय," मी म्हणालो.

"अंदाज?"

"अंदाज नाय. ही गाडी दारात आली तर मी हात लावनार नाय. मालकाला म्हनीन, बसा, पाणी प्या, मी फोन करून विचारतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ती पाचवी गन माझ्या हातातून घेऊन पेटीत टाकली. "ही कुठल्याच गाडीची नाही. आम्हीच बनवून घेतली आहे. आत्तापर्यंत ज्याला ज्याला दाखवली, त्याने काहीतरी नाव सांगितलं."

त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला. लेखी आठ. तोंडी चौदा.

सोमीबाईची काकडी टोपलीतून घरंगळत हायवेपर्यंत गेली. सोमीबाई उचलायला गेलीच नाही.

वहिनी चहा आणायला आत वळली. साहेबांनी फॉर्म काढला, माझं नाव, गाव, वय स्वतःच्या हाताने भरलं आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथे सही."

मी सही केली. झटकन केली, मी सगळं झटकनच करतो. फॉर्म परत दिला.

साहेबांनी तो बॅगेत ठेवता ठेवता बघितला आणि थांबले. "वर नितीन आहे," ते म्हणाले. "खाली विलास लिहिलंय."

मी बघितलं. विलासच होतं. दादाचा तो लांब ओढलेला 'स', खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. मी दादाची सही कधी गिरवली नव्हती. माझे कान तापले. "चुकलं, साहेब. दुसरा फॉर्म द्या, मी..."

मी हात पुढे केला. पण वहिनी चहा घेऊन आली होती. तिने कप बाजेवर ठेवले आणि साहेबांच्या हातातून फॉर्म घेतला. खालच्या रेघेकडे बघत राहिली. बराच वेळ. हायवेवरून दोन-तीन ट्रक गेले असतील. मग तिने फॉर्म माझ्या पुढे केलेल्या हातात दिला नाही. साहेबांना परत दिला.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेनला टोपण लावलं.

"सही कशीही चालते, नितीनराव," ते म्हणाले. "फक्त आता जन्मभर हीच करावी लागेल."

"करीन," मी म्हटलं.